आलेलं आणि घेतलेलं

‘नको’ हा शब्द माझ्या आतोबांइतक्या वेळा मराठीत दुसऱ्या कुणी उच्चारला नसेल, आणि उच्चारला असलाच तर त्यांच्याइतक्या शुद्ध मनानं नक्कीच उच्चारला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. किहीमला समुद्राच्या अंगाला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती, वाडीत कौलारू घर होतं आणि घराच्या ओटीवर, दाराच्या उजव्या हाताच्या बाकावर, पाय खाली सोडून ते स्वतः बसलेले असत. चारचौघं नकार देतात ते कंटाळून, चिडून, नाहीतर मनातून हवं असताना वरवर लाजून. आतोबांच्या नकारात यातलं काही नसे. आपण जे मागितलं नाही ते आपलं नाही, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं, आणि हे म्हणणं जगाला इतकं अवघड का वाटावं याचंच त्यांना खरोखर नवल वाटे.

दर पंधरवड्याला केस कापायला गावातला न्हावी ओटीवर येई. एकदा त्यानं काम संपल्यावर हौसेनं आतोबांच्या मानेला पावडर फासली. आतोबा उठले, विहिरीवर गेले, मान धुतली, पुसली आणि परत येऊन त्याच्यापुढं बसले. "हां, आता कर पुरं," म्हणाले. बिचाऱ्याला पुरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं नुसतीच कात्री चार वेळा हवेत चालवली, तेव्हा आतोबांनी त्याची मजुरी दिली. लग्नाच्या पंगतीत तर त्यांच्या शेजारी बसायला लोक घाबरत. वाढणाऱ्याला ते ताटावर दोन्ही हात आडवे धरून स्वच्छ नको म्हणत, आणि तरीही कुणी आग्रहानं जिलबी टाकलीच तर ती केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेऊन उठत, मांडवात यजमान जिथं असतील तिथं जाऊन त्यांच्या हातात देत आणि कार्य छान झाल्याचं सांगून पुन्हा जागेवर येऊन बसत. शेजारच्या बंगल्यात मुंबईचे एक शेठ उन्हाळ्यात हवा खायला येत. त्यांनी एकदा प्रेमानं आंब्यांची करंडी पाठवली. ती परत गेलीच, पण आपल्या माणसानं वाटेत एखादा आंबा खाल्ला असेल असा संशय शेठना येऊ नये म्हणून आतोबा करंडीबरोबर स्वतः गेले.

बरं, हा नियम ते दुसऱ्यांनाही लावत. घरी आलेल्या माणसाला निघताना विचारत, "नारळ हवेत का?" आलेला माणूस रीतीप्रमाणे "कशाला, राहू द्या" म्हणे आणि रिकाम्या हातांनी फाटकाबाहेर पडे. वाडीत ढीग पडलेला असे, तरी त्यातला एक नारळ हलत नसे. मी पहिल्यापासून "हवेत, आणि सोललेले हवेत" असं सांगायला शिकलो होतो. त्यामुळं आमचं चांगलं जमे. मागितलेली गोष्ट मात्र त्यांनी कधी कुणाला नाकारली नाही, हेही इथंच सांगून टाकतो.

अशा माणसाच्या घरी ते पहिलं कार्ड आलं. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. मुंबईची कुठलीशी कंपनी होती. घड्याळं, रेडिओ, शिवणयंत्रं असला माल हप्त्यानं विकणारी. तिला किहीमच्या माणसांची नावं कुठून मिळाली देव जाणे, पण एके दिवशी पोस्टमननं पाकीट आणून दिलं, त्यात एक गुलाबी पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर आतोबांचं नाव छापल्यासारख्या अक्षरात, आणि सोबत मजकूर, की आपली आमच्या निवडक मानकरी ग्राहकांत निवड झाली आहे, हे कार्ड दाखवून आमच्या दुकानातून मनाला येईल ती वस्तू उचलावी, पैसे सवडीनं द्यावेत. आतोबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि आत्याला हाक मारून विचारलं, "मी कुठं निवडणुकीला उभा होतो का?" मग त्यांनी कार्ड त्याच पाकिटात घातलं आणि वर लिहिलं, ‘मागितलेले नाही. नको.’ पदरचं तिकीट लावून ते परत पाठवलं.

दुसरा कुणी असता तर कार्ड चुलीत गेलं असतं. पण चुलीत घातलं म्हणजे ते आपण घेतलं, असा आतोबांचा हिशेब. कंपनीचा हिशेब आणखी निराळा असावा. नको म्हणून का होईना, माणूस उत्तर देतो आहे, म्हणजे गिऱ्हाईक जिवंत आहे, असं तिथं कुणीतरी ठरवलं असणार. कारण पंधरा दिवसांत आतोबांना पिवळं कार्ड आलं. आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, आपला उत्साह पाहून आपल्याला वरच्या श्रेणीत घेतलं आहे. आतोबांनी तेही परत केलं. मग आलं ते सोनेरी कडांचं. जितका नकार कडक, तितका मान मोठा, अशी ती चढाओढ वर्षभर चालली. मी तेव्हा मुंबईला एका छापखान्यात कारकून होतो आणि सुट्टीला किहीमला जाई. गेलो की आतोबा नव्या कार्डाची हकिगत गंभीरपणे सांगत. आत्या माजघरातून म्हणे, "तिकिटांत जातं तेवढ्यात एक घड्याळ आलं असतं." यावर आतोबा म्हणत, "म्हणजे घ्यावंच लागलं असतं ना ते."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते हिराबाई येईपर्यंत. हिराबाई थळची कोळीण. डोक्यावर पाटी घेऊन वाळूतून चालत किहीमला येई आणि आत्याच्या मागच्या दारी तिची पहिली विक्री होई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा कुठल्याशा परदेशी बोटीवर खलाशी, घरी ती एकटी. आवाज असा, की ती फाटकाशी आली की विहिरीवर कळे. त्या रविवारी मात्र ती न ओरडता आली, पाटी उतरवली, मासळीवरचं फडकंही न काढता पुढच्या ओटीवर येऊन उभी राहिली आणि आतोबांपुढं तिनं कमरेचा एक कागद धरला. कागदावर तांबड्या शाईत मजकूर होता. तो कुणीतरी तिला वाचून दाखवला होता आणि तिला त्यातला ‘जप्ती’ हा एकच शब्द कळला होता.

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच कंपनीचा एक माणूस छत्री घेऊन थळच्या बंदरावर आला होता. फुकट कार्ड आहे, अंगठा करा, असं सांगत फिरला. बायकांना वाटलं, मच्छीमारांच्या सोसायटीचं काही असेल. हिराबाईनं अंगठा दिला. पुढच्या महिन्यात मोटारीनं तिच्या नावावर भिंतीवरचं मोठं लंबकाचं घड्याळ येऊन पडलं, आणि त्यामागून हप्त्याची मागणी. आता तर जाळी उचलून नेऊ अशी धमकी होती.

"मना घड्याल कशाला पायजे, भाऊ? मना भरती समजते, ओहोटी समजते," ती म्हणाली. "तो माल माजे घरान आपसूक आला. मी काय बोलावला नव्हता."

आतोबांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. इतकी वर्षं हा माणूस जणू एकटाच एक भाषा बोलत होता, आणि आज कुणीतरी त्याच भाषेत त्याच्याशी बोललं होतं. ते कोट घालायला आत गेले. आत्यानं विचारलं, कुठं निघालात. म्हणाले, "घड्याळ परत करायला."

घड्याळ थळहून आणण्यात रविवार गेला. सोमवारी मला कामावर जायचंच होतं, म्हणून मीही पहाटे बरोबर निघालो. आम्ही रेवसला लाँचमध्ये चढलो ते असे: पुढं आतोबा, तांब्याभर पाणी आणि छत्री घेऊन, म्हणजे मुंबईत कुणाचं पाणी घ्यावं लागू नये. मागं हिराबाई नव्या लुगड्यात. मधे मी, आणि माझ्या कडेवर ते घड्याळ. लाँच हलायला लागली तसा घड्याळाच्या पोटातला लंबक उधळला आणि ते वाटेल तेव्हा वाटेल तितके ठोके द्यायला लागलं. उतारू आधी दचकले, मग हसायला लागले. एकानं मला किती वाजले म्हणून विचारलं. आतोबांनी घड्याळ माझ्याकडून घेतलं, मांडीवर उभं धरलं आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत आजारी मुलाला सांभाळावं तसं सांभाळलं. परत करायची वस्तू होती, तिला ओरखडा येऊन चालणार नव्हतं.

दुकान फोर्टातल्या एका गल्लीत, जिना चढून वर होतं. बाहेर काचेच्या कपाटात रेडिओ मांडलेले, आत मेजामागं मॅनेजर. पिळदार मिशांचा, केसांना तेल लावलेला, अतिशय गोड बोलणारा गृहस्थ. त्यानं आतोबांना काका म्हटलं, हिराबाईला माई म्हटलं, पंखा सुरू केला आणि मग सांगितलं, "काका, एकदा घेतलेला माल परत होत नाही. आमचा कायदाच तसा आहे."

"घेतलेला नाही, आलेला आहे," आतोबा म्हणाले. "घेतलेला आणि आलेला यात फरक असतो. तेवढा कबूल करा, मग पुढचं बोलू."

मॅनेजर हसला. त्यानं कागद काढून अंगठा दाखवला. आतोबांनी विचारलं, या अंगठ्यात घड्याळ कुठं लिहिलं आहे? तो म्हणाला, कार्ड घेतलं की वस्तू घेण्याची इच्छा आहे असं आम्ही धरून चालतो. आतोबा म्हणाले, मग इथून उठण्याची माझी इच्छा नाही असं तुम्ही धरून चाला. एवढं बोलून ते गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. शेजारी हिराबाई बसली. दोघांच्या मधे घड्याळ बसलं.

मी कामावर हजेरी लावून दुपारी परत आलो तरी तिघंही तशीच. मॅनेजरनं चहा मागवला होता. आतोबांनी आपला कप बशीसकट मेजावर परत नेऊन ठेवला होता. हिराबाई थोडा वेळ त्या कपाकडं बघत राहिली, मग उठून तो प्यायली. "मांगला मीपन नव्हता," ती मला म्हणाली, "पन थंड होत होता." येणारं गिऱ्हाईक आधी घड्याळाकडं बघे, मग या दोघांकडं, आणि काय प्रकार म्हणून विचारी. आतोबांनी कुणाला आपणहून एक शब्द सांगितला नाही. विचारलं तर मात्र सांगत, "हे यांनी बाईंना न मागता पाठवलं. आता परत घेत नाहीत. बाकी दुकान चांगलं आहे." गिऱ्हाईक कपाटातल्या रेडिओवरून एकदा नजर फिरवी आणि पुन्हा येतो म्हणून जिना उतरे. मॅनेजरचा गोडवा संध्याकाळपर्यंत बराच ओसरला. पोलिसांना बोलावतो म्हणाला. आतोबा म्हणाले, बोलवा, मला कुणाला तरी हे सविस्तर सांगायचंच आहे. पोलीस काही आले नाहीत.

हिराबाई माझगावला बहिणीकडं झोपायला गेली, आतोबा घड्याळासकट माझ्या गिरगावच्या खोलीवर आले. मी म्हटलं, आतोबा, उद्या वकिलाकडं जाऊ या का? त्यांनी मान हलवली. म्हणाले, "वकील फार तर फरक काय आहे हे सांगणार. फरक मला माहीत आहे. फक्त त्यांना तो माझ्यादेखत तोंडानं म्हणायला लावायचा आहे."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याच्या आधीच ते दोघं जिन्यावर हजर होते. मी रजा टाकली होती, कारण याचा शेवट पाहिल्याशिवाय माझं कामात लक्ष लागणं शक्य नव्हतं. बाराच्या सुमाराला मॅनेजर हात जोडत मेजामागून बाहेर आला. "काका, हप्ते माफ. जप्ती नाही, काही नाही. घड्याळ माईंना आमच्याकडून भेट. घेऊन जा आणि मला मोकळं करा."

मला वाटलं, जिंकलो. हिराबाईचा चेहराही उजळला. पण आतोबा बाकावरून उठलेच नाहीत. "भेट तर मुळीच नको," ते म्हणाले. "तीही आलेलीच झाली." मॅनेजरनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला त्याची दया आली. अखेर त्यानं बाईंनी हा माल मागितला नव्हता असं लिहून सही केली, अंगठ्याचा कागद आमच्या डोळ्यांपुढं फाडला आणि घड्याळ उचलून कपाटात ठेवलं. ‘आलेला’ हा शब्दही त्याच्या तोंडून एकदाचा निघाला. आतोबांनी छत्री उचलली. निघायचं म्हणून वळले, तर हिराबाई उठेना.

"भाऊ," ती कपाटाकडं बघत म्हणाली, "मना घड्याल पायजे."

आतोबांना आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "मग दोन दिवस आपण काय करत होतो?"

"तुमी परत करीत होतात. मी तुमचे बरोबर बसले होते." ती खाली मान घालून बोलत होती. तिच्यासारख्या बाईला इतकं हळू बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. "आला तवा नको होता. पोरगा बोटीवर गेला तवापासून घर मुका झाला होता. आता घरान कोनतरी बोलतो. काल रातचा बहिनीकडं झोप न्हाय आली."

मला आतोबांची धास्ती वाटली. इतक्या मेहनतीनं मिळवलेला नकार, आणि ज्याच्यासाठी मिळवला त्याच माणसानं तो असा टाकून द्यावा. पण त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. ते सरळ मेजापाशी गेले आणि मॅनेजरला म्हणाले, "या बाईंना भिंतीवरचं घड्याळ विकत हवं आहे. दाखवा."

मॅनेजर कपाटाकडं धावला. आतोबांनी त्याला थांबवलं. सगळी घड्याळं दाखवा म्हणाले, गिऱ्हाईक आहे, निवडेल. त्यानं होती तेवढी सगळी घड्याळं मेजावर मांडली. हिराबाईनं पापलेटाचे कल्ले उघडून बघावेत तसं एकेकाचं दार उघडून आत पाहिलं, कान लावून आवाज ऐकला, दोन नापसंत केली आणि आपलंच घड्याळ पसंत केलं. मग भाव केला. भिंतीवर टांगलेलं आहे, लाँचनं आलेलं आहे, दोन दिवस बाकावर बसलेलं आहे, असं सांगून तिनं तो चांगलाच उतरवला आणि जप्तीच्या भीतीनं पदराला बांधून आणलेले स्वतःचे पैसे मोजून दिले. "आता झालं," आतोबा म्हणाले, "हे मागितलेलं."

भाऊच्या धक्क्यावर लाँचला अवकाश होता. त्यांना पोचवायला मी गेलो होतो. हिराबाई घड्याळावर हात ठेवून बसली होती, तिचा आवाज परत आला होता. बोलता बोलता तिनं सहज विचारलं, "भाऊ, वैनी तुमच्याकडं कंदी काय मांगतान?"

"नाही," आतोबा अभिमानानं म्हणाले. "आजवर काही नाही."

"बरा," हिराबाई म्हणाली.

तिनं आणखी काही म्हटलं असतं तर बहुधा काही झालं नसतं. आतोबा समोर बघत राहिले. भर उन्हाची वेळ होती, धक्क्याचे दगड तापले होते आणि लाँचकडं जाणाऱ्या बायका पाय उचलून उचलून चालत होत्या. आतोबा एकदम उठले आणि काही न सांगता बाहेरच्या रस्त्याला लागले. लाँचची घंटा झाली, उतारू चढले, हिराबाई आणि मी खलाशांना थांबवून धरतो आहोत, तोवर ते धापा टाकत आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडा होता. पुड्यात काय आहे ते मला त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पुढं सुट्टीला गेलो तेव्हा आत्याच्या पायात चपला दिसल्या. तिच्या पायात वहाणा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. तिच्या वयाच्या बायका किहीमला घालतच नसत. देवळात, बाजारात, समुद्रावर सगळं अनवाणी. मी काही बोलणार तोच तिनं डोळ्यांनी गप्प केलं. त्या चपलांबद्दल आतोबा कधी एक अक्षर बोलले नाहीत. ती त्या घालून अंगणात उतरली की ते वर्तमानपत्र चेहऱ्यापुढं धरत आणि कागदाच्या कडेवरून बघत.

कंपनीची कार्डं त्यानंतर गावात कुणालाच आली नाहीत. आतोबांनाही नाहीत. सुरुवातीला त्यांना विजय वाटला असावा, पण नंतर पोस्टमन फाटकावरून सरळ पुढं गेला की ते त्याला हाक मारून विचारत, "आमचं काही नाही ना?" नाही म्हटलं की थोडे हिरमुसत. नको म्हणावं असं काहीच येईना, तसे ते जरा लवकर म्हातारे झाले असं मला उगाच वाटतं. चारपाच वर्षांनी ते गेले. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरनं शक्तीचं म्हणून जादा इंजेक्शन काढलं, तर त्यालाही त्यांनी हात आडवा केला होता.

दिवस झाल्यावर मी आणि आत्या मागच्या दारी बसलो होतो. हिराबाई नुकतीच येऊन, रडून गेली होती. आत्यानं पाय लांब केले. मी पाहिलं तर त्या चपलांच्या पुढच्या टोकाला फडक्याचे बोळे कोंबलेले होते. जुने, काळे पडलेले. मी विचारलं, "हे काय ग?"

"मोठ्या आहेत मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. माप कुठं माहीत होतं त्यांना."

"मग सांगायचं नाहीस? त्यांनी बदलून आणल्या असत्या."

"आणल्या असत्या की. दुसऱ्याच दिवशी रेवसला निघाले असते." तिनं वाकून एका चपलेतला बोळा बोटानं नीट आत सारला. "पण मग त्या मागितलेल्या झाल्या असत्या."